शाई वाळल्यानंतरचे कर्तव्य

(लातूर येथील युवक मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मताचा अधिकार या भूमीला आयता मिळालेला नाही. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. नांदेड-लातूरचा हा मुलूख मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. त्या राजवटीशी झुंजताना स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंगवास सोसला आणि 1952 मध्ये तेच गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. कालची प्रजा अवघ्या चार वर्षांत मतदार झाली होती.

'माझ्या एका मताने काय होणार?' असे तरुण मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर नांदेडने दिले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तेथील लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल अवघ्या 1,457 मतांनी लागला. एखाद्या मोठ्या महाविद्यालयाची पटसंख्या याहून अधिक असते!

दुसरे उदाहरण आपल्याच लातूर ग्रामीणचे. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत येथे 27 हजारांहून अधिक मते मिळवून 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिला. नाराजी नोंदविण्याचा तो अधिकार निश्चितच आहे. परंतु 'नोटा' कोणाला निवडून देत नाही. उमेदवार ठरत होते तेव्हा आपण कोठे होतो, हा प्रश्न उरतोच.

आपल्यापैकी अनेकांचा मुक्काम शिकवणीसाठी लातुरात किंवा नोकरीसाठी पुण्यात, आणि नाव गावच्या यादीत. परिणामी मत ना इथले, ना तिथले. अठरा पूर्ण होताच नमुना 6 भरा. कायमचा पत्ता बदलला तर नमुना 8. आता वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, तेव्हा सबब उरलेली नाही.

मात्र बोटावरची शाई वाळली की कर्तव्य संपत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत मी पाण्यावर लेखामागून लेख लिहिले. पण माझ्या गावच्या ग्रामसभेला तोवर एकदाही गेलो नव्हतो. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. विहिरी-बंधाऱ्यांचा विषय तेथे निघतो, तेव्हा माझ्यासारख्या शिकलेल्यांची जागा रिकामी असते. ही माझी चूक तुम्ही करू नका.

मत अवश्य द्या, आणि पुढची पाच वर्षे त्या मताचा हिशेब मागत राहा. एवढेच सांगून थांबतो.