बाहुलीतली पांढरी चमक

फ्लॅश मारून काढलेला बाळाचा फोटो नीट बघा. डोळ्याच्या बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, तर ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाची खूण असू शकते. हा आजार बहुधा 5 वर्षांखालच्या मुलांना होतो. गाठ लहान असेल तर बाळाला भूल देऊन 810 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर बाहुलीतून थेट गाठीवर सोडतात. 45 ते 60 अंश उष्णतेने पेशी मरतात. चिरफाड नाही, आणि डोळा वाचू शकतो! मोठ्या गाठीला मात्र एवढं पुरत नाही. चिखली-मेहकरच्या आयांनो, काजळ-अंजनात दिवस घालवू नका. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढच्या उपचारांसाठी मलकापूरहून मुंबईची रेल्वे आहे, तिथे परळला कर्करोगाचं टाटा रुग्णालय आहे.