आपले गाणे, आपली भाषा

परक्या गीताची हुबेहूब नक्कल साधणे सोपे नाही. परंतु तेवढ्याने वादकाला स्वतःची ओळख लाभत नाही. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद निघाला. आरंभी पाश्चात्त्यांची गाणी वाजविणाऱ्या या तरुणांनी नकलेच्या टाळ्यांवर समाधान मानले नाही. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतःची गीते रचली. १९८८ साली त्यांची पहिली ध्वनिफीत निघाली. १९९३ साली वाद्यवृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गीतास एम. टी. व्ही.चा आशियाई प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला. १९९७ साली मंडळी पांगली. त्याच वर्षी तो मान फिलिपाइन्सच्या ‘इरेझरहेड्स’ या वाद्यवृंदास लाभला, आणि तोही टागालोग भाषेतील गीतासाठी! मुंबईकरांची रचना स्वतःची होती, भाषा मात्र इंग्रजीच राहिली. २०१० साली ते पुन्हा एकत्र आले. २०१२ साली त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा गीतसंग्रह निघाला. आमच्या सिल्वासात मराठी, गुजराती, वारली अशा कितीतरी बोली मुलांच्या कानी पडतात. हाती गिटार घेणाऱ्या मुलाने मुंबईकरांचे धैर्य जरूर घ्यावे. शब्द मात्र आपल्या घरातले घ्यावेत.