पोरगं कुठं जातंय, हे विचारू या

मैत्रिणींनो, जेवणंखाणं उरकून, जनावरांना वैरण टाकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज बचत, कर्ज, परतफेड यांतलं काही बोलायचं नाही. आज आपल्या घरातल्या पंधरा ते वीस वर्षांच्या पोरांबद्दल बोलायचं आहे.

हल्ली गटाची बैठक संपली, हिशोबाची वही मिटली, की दोघी-तिघी मागं थांबतात आणि हळू आवाजात हाच विषय काढतात. "ताई, पोरगं ऐकत नाही. जरा बोललं की अंगावर येतं." एकीला मुलाच्या गादीखाली कोयता सापडला. घरातलाच, ऊस तोडायचा. कशाला ठेवलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, "असावा जवळ."

आपल्या भागात कोयता म्हणजे भाकरी. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच मुकादम 'एक कोयता' म्हणतो. उचल त्याच हिशोबानं मिळते. आणि आता पुण्याकडच्या बातम्यांमध्ये 'कोयता गँग' हा शब्द रोजचा झाला आहे. हातात कोयते घेऊन गाड्या फोडणारी, दुकानदारांना धमकावणारी ही टोळकी. पकडलेल्यांत कितीदा तरी अठराच्या आतली मुलं असतात. शहरातलं ते वारं आपल्या फाट्यापर्यंत आलं आहे.

सुरुवात फार लहान गोष्टीनं होते. कुणी कुणाच्या स्टेटसवर हसलं, कुणी गाडीला कट मारला, कुणी 'खुन्नस' दिली. मग दहा जण जमतात. वाढदिवसाला रस्त्यात गाडी आडवी लावून तलवारीनं केक कापायचा, मागं 'भाई'चं गाणं लावायचं आणि रील टाकायचं. घरचेही कौतुकानं बघतात. "वय आहे, करू दे."

मोबाईलनं पोरं बिघडवली, असं आपण म्हणतो. त्यात खोटं नाही. पण मोबाईल मुलीच्या हातातही असतो. ती कोयता घेऊन का फिरत नाही? फरक घरातल्या वागवण्यात आहे. मुलगी दुकानात निघाली तरी कुठं, कुणाबरोबर, कधी येणार, असे तीन प्रश्न होतात. मुलगा रात्री बाराला आला तर आपण ताट वाढून झाकून ठेवतो. मुलीला इतकं जखडावं, असं आमचं म्हणणं नाही. पण मुलाला काहीच न विचारणं म्हणजे प्रेम नव्हे. त्याला मोकळं सोडलं, असं आपल्याला वाटतं. त्याला मात्र वाटतं, आपलं कुणालाच काही पडलेलं नाही. मग फाट्यावर जो विचारपूस करतो, खांद्यावर हात टाकतो, तो त्याचा भाई होतो.

दुसरं म्हणजे रडणं. पोरगं चार वर्षांचं असल्यापासून आपण सांगतो, "मुलीसारखा रडतोस काय?" भीती दाखवायची नाही, दुःख सांगायचं नाही. दहावीत नापास झाला, कुणी अपमान केला, एखाद्या मुलीनं नाही म्हटलं, तर हे सगळं तो कुठं ठेवणार? त्याला एकच गोष्ट उघड करायची मुभा आहे, ती म्हणजे राग. त्यात घरात बाप आईवर हात उचलत असेल, तर मारल्यावर समोरचा गप्प बसतो, हे शिक्षण त्याला घरातच मिळतं. म्हणून घरातला मार थांबणं हे मुलासाठीही गरजेचं आहे.

तिसरं, आईबापाचं घरी नसणं. दिवाळीच्या आसपास तोडीला गेलेली जोडपी उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाच-सहा महिने पोरगं म्हाताऱ्या आजीजवळ. तोडीला जाणं ही कुणाची हौस नाही, ते पोटासाठी आहे. आईबापाला यात बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या काळात त्या पोराकडं बघायला गावात कुणीतरी मोठं माणूस हवं.

आणि या पोरांचा उपयोग करून घेणारे लोकही आहेत. निवडणूक असो, मिरवणूक असो, जातीजातींतला वाद असो, रिकामी पोरं लागतात. पेट्रोल, जेवण, वर दारू. दगड पोरं मारतात, गुन्हा पोरांवर लागतो. तारखेला कोर्टाच्या पायरीवर आई एकटी बसलेली असते. ज्यानं बोलावलं होतं, तो तिथं नसतो.

आता कायद्याचं थोडं. तलवार घेऊन मिरवणं, रील करणं यावर हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. आपल्या किती पोरांचं पोलीस भरतीचं, सैन्याचं स्वप्न आहे! पहाटे उठून पळतात बिचारी. भरतीत चारित्र्याची पडताळणी होते. एका केकपायी ती मेहनत वाया जाऊ शकते, हे त्यांना आधी सांगा.

मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, तर २०१५चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं हजर करावं लागतं आणि आईबापाला कळवावं लागतं. पण "लहान आहे, सुटेल" या भ्रमात राहू नका. १६ ते १८ वयाच्या मुलानं खुनासारखा गुन्हा केला, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, हे तपासलं जातं. अशी वेळ आलीच, तर एजंटाच्या नादी लागून दागिने मोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो.

मग करायचं काय? आमच्या ग्रामसंघात बोलून आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत.

मुलगा बाहेर निघाला की मुलीसारखंच त्यालाही विचारायचं. दरडावून नाही, साध्या आवाजात. आणि तो परत येईपर्यंत घरातलं एक माणूस जागं राहील.

घरातलं काम त्यालाही द्यायचं. पाणी भरू दे, भाकरी थापू दे, आजीला दवाखान्यात नेऊ दे. एकदा 'नाही' म्हटलं की ते नाहीच. रडून, आदळआपट करून गाडी मिळते, हे त्याला एकदा कळलं की पुढं सगळ्यांकडून तो तसंच मागतो.

तोडीला गेलेल्या बापानं रोज रात्री पोराशी पाच मिनिटं फोनवर बोलायचं. अभ्यास केला का, एवढंच विचारून ठेवायचं नाही. आज काय झालं, कुणाशी वाजलं का, जेवलास का, हेही विचारायचं. गावात राहिलेल्या गटातल्या बाईनं आठवड्यातून एकदा त्या घरी चक्कर मारायची.

आणि अचानक नवा मोबाईल, हातात पैसे, शाळा-कॉलेज बुडवणं, खोलीत कोंडून घेणं, असं काही दिसलं तर मारझोड करायची नाही. लपवायचंही नाही. शाळेतल्या सरांना, मॅडमना भेटायचं. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा मोफत नंबर आहे. लहान मूल संकटात असेल तर १०९८ आहे.

गादीखाली कोयता सापडला, त्या ताईनं आरडाओरडा केला नाही. कोयता उचलून कुलपात ठेवला आणि रात्री पोराजवळ जाऊन बसली. बऱ्याच वेळानं तो बोलला. फाट्यावरची मोठी पोरं त्याला रोज अडवत होती. तो घाबरलेला होता. दुसऱ्या दिवशी ती, तिचा दीर आणि गटातल्या चौघी मिळून त्या पोरांच्या घरी गेल्या. त्यांच्या आयांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वही मिटल्यावर दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, "माझा मुलगा संध्याकाळी कुठं असतो, कुणाबरोबर असतो." ज्यांना सांगता येणार नाही, त्यांनी घरी जाऊन विचारायचं.