उद्दिष्ट ग्रामसभेत ठरू द्या



 या परिषदेचा विषय आहे महाविद्यालयांच्या समाजकार्याची उद्दिष्टे, आणि त्याबद्दल माझे एकच आग्रहाचे म्हणणे आहे.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात समाज आणि शिक्षण यांचे नाते त्याहून जुने आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिची वसतिगृहे गावकऱ्यांनी दिलेल्या मूठ-मूठ धान्यावर चालली. म्हणूनच गावात जाऊन आपण उपकार करत नाही, देणे फेडतो. मग ते कसे फेडायचे, हे ठरवताना गावाला विचारायला नको?

आपण राष्ट्रीय सेवा योजनेचा वार्षिक आराखडा भरतो तेव्हा झाडे किती, प्रभातफेऱ्या किती, रक्ताच्या पिशव्या किती, असे रकाने असतात. आपण काय करणार, एवढेच ते सांगतात. गावात काय बदलेल, याला त्यात जागा नसते.

वनराई बंधाऱ्याचेच पाहा. पाऊस ओसरताना, ओढा वाहता असताना, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून तो घालायचा असतो. आपले सात दिवसांचे विशेष शिबिर मात्र परीक्षा आटोपल्यावर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत. तोवर कितीतरी ओढे आटलेले असतात. कोरड्या पात्रात गोण्यांची भिंत उभी राहते, छायाचित्र अहवालात जाते आणि ‘बंधारे : एक’ अशी नोंद होते. मुलांनी गाळलेला घाम खराच असतो. त्या घामाची मला फार किंमत वाटते, म्हणूनच तो वाया गेलेला बघवत नाही.

त्याऐवजी उद्दिष्ट असे लिहू या : ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी गेल्या वर्षी मार्चअखेर संपले, यंदा ते एप्रिलअखेर टिकावे. एवढे लिहिले की बंधारा सप्टेंबर-ऑक्टोबरातच घालावा लागतो. शिबिराची वाट न पाहता स्वयंसेवकाने वर्षात द्यायच्या १२० तासांतले काही तास तिकडे वळवावे लागतात. दर महिन्याला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजायला दोन स्वयंसेवक लागतात. पाऊस यंदा किती झाला, तेही टिपावे लागते, नाहीतर ढगांचे श्रेय आपल्या नावावर पडेल. या खटाटोपात विद्यार्थी भूगोल आणि संख्याशास्त्र शिकतो, ते वर्गातल्या तासाला हाती लागणारे नाही. आयआयटी मुंबईत १९८५ पासून चालणाऱ्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात गावाचा प्रश्न हाच अभ्यासाचा विषय असतो. आपल्या साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयांनाही हे जमेल.

मात्र पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा, असेही आपण परस्पर ठरवू नये. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा आपल्या सत्रातच येतात. त्याआधी महिलांची सभा होते. तिथे जाऊन बसा, बोलू नका, ऐका. बंधारा नको, आमच्या निराधार पेन्शनचे अर्ज भरून द्या, असे एखादी आजी म्हणाली, तर तेच उद्दिष्ट. किती अर्ज भरले, यापेक्षा किती जणींच्या खात्यात पैसे आले, हे त्याचे माप. ते सहा महिन्यांनी विचारायला पुन्हा जावे लागेल.

उन्नत भारत अभियान महाविद्यालयांना पाच गावे निवडायला सांगते. पाचही गावांशी संबंध ठेवा, पण दोन शिक्षक आणि शंभर स्वयंसेवक असलेल्या महाविद्यालयाने मोठे काम एकाच गावात आणि सलग काही वर्षे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये समाजसहभागाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. आता या कामाला श्रेयांकही मिळतात. श्रेयांकामुळे मुले गावात येतील, हे चांगलेच. पण ते हजेरीवर वाटले गेले, तर गावाच्या वाट्याला पुन्हा गर्दीच येईल.

प्राचार्यांना माझी विनंती आहे : उद्दिष्ट अपुरे राहिले, असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याला जाब विचारू नका. अपुरे का राहिले, ते त्याच्याबरोबर बसून समजून घ्या. आणि कार्यक्रम अधिकारी मित्रहो, यंदाचा आराखडा विद्यापीठाकडे पाठवण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. गावाने खोडलेल्या ओळी खोडूनच तो पुढे पाठवा.