निळी डबी



लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले असता शेजारणीच्या स्वयंपाकघरात मी एक निळी कागदी डबी पाहिली. बाई एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या व्यवस्थेखालील ख्रिस्ती पंथाच्या. मुलाचा ताप उतरला, दूरच्याचे पत्र आले, की देवाचे आभार मानून त्या डबीत नाणे टाकीत. पुढे साऱ्याजणींच्या डब्या देवळात एकत्र होत.

हा प्रघात १८८९ सालचा. पहिल्याच खेपेस दोन हजारांवर डॉलर जमले. त्यांतून अलास्कात अँविक येथे देऊळ उभे राहिले आणि एक बाई मिशनकार्यासाठी जपानला गेली. परंतु पंथाच्या महाअधिवेशनात प्रतिनिधी म्हणून हक्काने बसायला स्त्रियांना १९७० साल उजाडले!

मी विचारले, "राग नाही येत?"

"आईला फार येई," त्या म्हणाल्या. "पण तिने भांडणही सोडले नाही आणि डबीही."

घरी परतल्यावर मीही फडताळात डबी ठेवली. पहिले नाणे टाकले ते सुनेने न सांगता आणून दिलेल्या चहाबद्दल. भगिनींनो, तोवर मी तिच्या चुकाच मोजीत होते. डबी भरली, की ती आपल्या मंडळाची.