प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी
(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय नियमांनी ते बदलले. आपल्या प्रदेशाला विधानसभा नाही, म्हणून सिल्वासातही तेच नियम. पाचवी किंवा आठवीत नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही गेली तर पुन्हा तोच वर्ग. मात्र मूल कुठे कच्चे आहे ते हेरून वर्गशिक्षकांनी त्याला, गरज पडल्यास पालकांनाही मार्गदर्शन करावे, हाही नियमच आहे.

आम्ही बँकेतली माणसे पासबुकात नुसती शिल्लक पाहत नाही, नोंदी वाचतो. प्रगतिपुस्तकही तसेच वाचूया. सही करण्याआधी विचारूया, नेमके काय येत नाही? आणि हे निकालानंतर नव्हे, सहामाहीलाच!