गालावरचे वांग आणि जस्ताची भुकटी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका वहिनींनी पिशवीतून सनस्क्रीनची ट्यूब काढली. कापूस वेचून वेचून त्यांच्या गालांवर वांग आलेत. पण ट्यूब लावली की तोंड चुना फासल्यासारखं दिसतं, घरातले हसतात, म्हणून ती फडताळात पडून होती. आम्ही तिच्यावरची नावं वाचली : झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड.

झिंक म्हणजे आपलं जस्त. बाळाला लंगोटाच्या जागी लाली आली की लावतात, त्या पांढऱ्या मलमातही झिंक ऑक्साइड असतं. टायटॅनियमवालं तर भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतं!

उन्हात अतिनील किरण असतात. ते दिसत नाहीत, पण कातडी भाजतात, काळवंडवतात. आम्हाला वाटायचं, हे पांढरे कण आरशासारखे किरण परतवतात. तसं थोडंच होतं. बहुतेक अतिनील किरण हे कण स्वतःच शोषून घेतात आणि त्याची किंचित उष्णता होऊन जाते. पांढरेपणा येतो तो वेगळ्या कारणाने : कण जाडसर असले की दिसणारा उजेडही विखुरतात. फार बारीक केले की पांढरेपणा कमी होतो, अतिनील मात्र अडतंच.

आता वांगाचं. वांग दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. त्यासाठी त्वचेच्या रंगाची सनस्क्रीन मिळते. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात, गेरूला रंग येतो तो त्यांच्यामुळेच. म्हणून गेरू तोंडाला लावू नका हं! टाल्कम पावडरही सनस्क्रीनचं काम करत नाही. आणि कुणी ‘गोरं करणारं’ मलम दिलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका; काहींत स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते.

ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा जास्त आणि मुदत बघा. थेंबभर चोळून भागत नाही. तोंडाला आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढी लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा. शेतात हे कुणाला जमणार? घामाने पुसली जाते, पैसेही लागतात. म्हणून आमच्या मते आधी घट्ट विणीचा रुमाल आणि साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट. उघड्या राहणाऱ्या गालांना आणि नाकाला ट्यूब.

वहिनी आता रुमाल बांधायच्या आधी ती लावतात. सासूबाईंनी परवा विचारलं, “मला पण लाव की जराशी.”